हातचा एक

रात्री पावणेदोनला मी नेरिमातून निघतो.
मागच्या सीटवर तपकिरी पाकिटांची चळत,
प्रत्येकावर कटचा नंबर, एखाद्यावर कॉफीचं वर्तुळ.
मला चित्र काढता येत नाही.
दूधवाला दारोदार घालत जातो,
मी दारोदार काढून नेतो, इतकंच.

नवव्या भागाला साडेतीन हजार चित्रं मंजूर.
त्यातली एकवीसशे यासुताकेच्या लढाईने खाल्ली.
शनीच्या कड्यांत फुटणारी तीन जहाजं,
एकेका ठिणगीला वेगळा जन्म, वेगळं मरण.
पाहताना माझ्या तोंडातला भात तोंडातच राहिला.
खोटं कशाला बोलू.
चार दिवस टेबलाखाली झोपलेला माणूस
गालावर शिशाची भुकटी घेऊन विचारत होता,
"आज वार कोणता?"

उरली चौदाशे.
ती बाकीच्या अठरा मिनिटांनी वाटून घ्यायची,
एक तीळ सात जणांत.

कट दोनशे चौदा.
हिराबायाशीबाईंनी पटकथेत दोनच शब्द लिहिलेत:
ती थांबते.
ती म्हणजे इत्सुकी,
आठ भाग नुसती जबडा उघडून ओरडणारी.
आता तिला झडप लावायची आहे
आणि भाऊ अजून बाहेर आहे.

"थांबतेच ना?" दिग्दर्शक कुरामोची म्हणाला,
"मग एक चित्र पुरे.
थांबण्याइतकं स्वस्त जगात दुसरं काय आहे?"
सगळे हसले. मी वहीत लिहिलं: २१४, एक.
माणूस वाईट नाही.
तिसऱ्या भागात मारामारी विस्कटली तेव्हा
लोकांनी पडदा थांबवून थांबवून
वाकडे चेहरे मोजले होते.
तेव्हापासून तो लढाईला पोटाशी धरून झोपतो.

हिगाशी-कुरुमे. लाँड्रीच्या वरची खोली.
तोकुनागाबाई, वय त्रेसष्ट,
भिंगाच्या दिव्याखाली अर्धा चेहरा.
जवाचा थंड चहा माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या,
"त्या दाराची कडी लावा बघू.
समजा, तुमचा भाऊ बाहेर आहे."
मी हात नेला.
"पुन्हा."
सहा वेळा नेला. मला भाऊ नाही,
तरी सहाव्या वेळी कडी गार लागली.
"बघितलंत? सगळी बोटं थांबतात,
करंगळी मात्र थोडी पुढे जाते.
तिला कुणी सांगितलेलंच नसतं."

त्यांनी चौदा मागितली.
फोनवर भाजीसारखी घासाघीस.
पलीकडून सहा, आणि वर एक उसासा.

पहाटे पाकीट घ्यायला गेलो.
चित्रं मोजली, ते माझं कामच आहे.
सात.
बिलावर सहा.
मी वर पाहिलं तर त्या पाठ करून
ब्रश धूत होत्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.
बेरजेत असतो तसा हातचा एक,
कुठल्याच रकान्यात न लिहिलेला.

भाग लागला त्या रात्री मी तानाशीच्या पेट्रोल पंपावर होतो.
काउंटरवर छोटा टीव्ही.
जहाजं फुटली तसा पंपावरचा पोरगा "आईला!" म्हणाला
आणि माझ्या गाडीचं झाकण लावायला विसरला.
मग दोनशे चौदा.
तो माझी चिल्लर मोजत होता.
सव्वा सेकंद.
त्यात एका क्षणाच्या चोविसाव्या भागात
करंगळी पुढे गेली.
परत आली नाही.
लगेच दोनशे पंधरा: तिचा चेहरा,
पाचव्या भागातून उचललेला, कान जरा वर चढलेला.
त्याबद्दल उद्या कुणीतरी हसेलच,
आणि त्याचं बरोबर असेल.

"तीस येन कमी आहेत," पोरगा म्हणाला.

दिले. दहाव्या भागाला बत्तीसशे आहेत,
शिवाय एक संपूर्ण ग्रह बुडवायचाय.
गाडीत बसलो, चावीकडे हात नेला.
चार बोटं
थांबली.